मंडळीच्या अर्पणातलं दान : गल्लीत किती, सातासमुद्रापार किती?

शेवंती_पिंपरी

सगळ्यांना सलाम.

पिंपरी-चिंचवडमधल्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीची, म्हणजे चर्चची, मी यंदा खजिनदार आहे. सव्वाशे घरं. बहुतेक जण नगर, जालना, सोलापूरकडून कारखान्यांच्या मागे आलेले. रविवारचं अर्पण आणि हंगामाचा सण (पीकपाणी देवाला अर्पण करायचा) मिळून जे जमतं, त्याचा दहावा हिस्सा आम्ही मंडळीबाहेर देतो. माणसाने दशांश द्यावा तसा मंडळीनेही द्यावा, असं आमच्या जुन्या पाळकसाहेबांनी लावून दिलंय. यंदा ही रक्कम तीन लाख चाळीस हजारांच्या आसपास होईल.

आजवर ती कुष्ठरोग्यांच्या एका दवाखान्याला, ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या वसतिगृहाला आणि गुजरातेतल्या डांगमधल्या एका सुवार्तिकाच्या, म्हणजे धर्मप्रचारकाच्या, कुटुंबाला जात आली. उरेल ते "दारात आलेल्यांना" : औषधाचं बिल, शाळेची फी, कुणाच्या मातीचा खर्च.

यंदा नवीन प्रश्न आलाय. आमच्याच मंडळीत वाढलेलं एक जोडपं, तो लॅब टेक्निशियन आणि ती नर्स, झांबियातल्या एका मिशन दवाखान्यात तीन वर्षांसाठी गेलं. तरुण संघ म्हणतो, बाहेर देतो त्यातली निम्मी रक्कम त्यांच्या कामाला द्या. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांपैकी तिघं म्हणतात, दारातल्या बाईला रिकाम्या हाताने परत पाठवून आफ्रिकेला पैसे धाडायचे का? मागच्या बैठकीत आवाज चढले. एक काका तर प्रार्थना न करताच उठून गेले. मला दोन्ही बाजूंचं पटतं, म्हणून जास्त त्रास होतो.

पुढच्या महिन्यात पुन्हा बैठक आहे. तुमच्या मंडळीत, किंवा कॅथलिक असाल तर पॅरिशमध्ये, हे कसं ठरतं? ख्रिस्ती नसलेल्यांनीही लिहा. बाहेरून कसं दिसतं तेही मला हवंय.

नगरी_ज्वारी

शेवंतीताई, सलाम. मी ७४ वर्षांचा आहे, नगरचा. जरा लांबलचक लिहितो.

एकेकाळी "सातासमुद्रापार" म्हणजे आपणच होतो. अमेरिकन बोर्ड या मिशन संस्थेचे हॉल आणि नॉट १८१३ साली मुंबईत उतरले, १८३१ साली नगरला ठाणं झालं. त्यांना पैसे देणारे न्यू इंग्लंडमधल्या खेड्यांतले शेतकरी, शिवणकाम करणाऱ्या बाया. त्यांच्याही दारात गरीब असणारच. तिथल्या पंचांमध्येही असंच कुणीतरी म्हटलं असेल की आधी आपलं गाव बघा.

माझी आजी १९०० च्या दुष्काळात मिशनच्या अनाथाश्रमात आली. आईबाप वाटेत गेले. तिला आठवायची ती पिवळी मका. त्या वर्षी न्यू यॉर्कहून 'क्विटो' नावाचं जहाज मका भरून मुंबईला आलं होतं, तिथल्या एका ख्रिस्ती साप्ताहिकाच्या वाचकांच्या वर्गणीतून. आजीने खाल्ली ती त्याच जहाजातली की दुसरी, हे मी शपथेवर सांगणार नाही. पण मका दळताना ती दरवेळी म्हणायची, "ज्यांनी दिली त्यांनी मला पाहिलं नव्हतं."

हे वाक्य ऐकत मी वाढलो. म्हणून माझं मत उघड आहे. झांबियाला काहीतरी जाऊ द्या. निम्मी नसेल, पण जाऊ द्या.

आंबट_चिंच

+१. काका, आजींबद्दल वेगळा धागा काढा ना.

पंच_जालना

नगरी काकांचा आदर ठेवून असहमत.

मी पंधरा वर्षं पंच आहे. दूरच्या दानाची एक ओढ असते. दूरचा माणूस भांडत नाही, परत येऊन अजून मागत नाही, त्याचा फोटो भिंतीवर छान दिसतो. दारातली बाई मात्र दर महिन्याला येते, तिचा नवरा पितो, तिला दिलेले पैसे कधी कधी दारूत जातात. तिला मदत करायची म्हणजे तिच्याबरोबर तालुक्याला जाऊन निराधार योजनेचा अर्ज भरावा लागतो, तलाठ्याकडे तीनदा खेटे घालावे लागतात. हे कुणाला नको असतं.

परदेशातून इकडे येणारी मदतही मी पाहिलीय. एका वसतिगृहात वीसेक पाहुणे दहा दिवसांसाठी आले आणि मुलांसोबत भिंती रंगवून गेले. मनाने चांगली माणसं होती, रडत निरोप घेतला. पण भिंतींना ओल होती. पावसाळ्यात रंगाचे पोपडे पडले. त्यांच्या विमानभाड्यात पत्रे बदलून झाले असते. त्यांना कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही.

उद्या आपणही आफ्रिकेला तेच करू. तिथे काय हवंय हे इथे बसून ठरवू. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, अशी त्या दवाखान्याची अवस्था व्हायला नको.

वसईची_वाडी

आमच्याकडे, म्हणजे कॅथलिकांत, हा वाद थोडा कमी होतो, कारण दोन पिशव्या वेगळ्याच आहेत.

ऑक्टोबरमधल्या शेवटून दुसऱ्या रविवारी जागतिक मिशन रविवार असतो, १९२६ पासून. त्या दिवशीचं अर्पण जगभरच्या सगळ्या पॅरिशांतून एकत्र होतं आणि जिथे चर्च नवं किंवा गरीब आहे तिथे जातं. वसईची पेटी आणि युगांडाची पेटी एकाच ठिकाणी रिकामी होते. या पद्धतीची सुरुवात फ्रान्समधल्या लिऑनच्या पोलीन जारिको नावाच्या मुलीने केली. तिने रेशमाच्या कामगारांचे दहा-दहाचे गट केले, प्रत्येकाने आठवड्याला एक सू द्यायचा, म्हणजे तिथला अगदी लहान पैसा. १८२२ मध्ये त्यातून मोठी संस्था उभी राहिली. देणारे स्वतः गरीब होते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

गल्लीसाठी व्हिन्सेंट डी पॉल संस्था. हीसुद्धा फ्रान्सची, १८३३ ची, फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या विद्यार्थी मित्रांनी काढलेली. माझे बाबा तिच्यात होते. नियम असा की नुसते पैसे पोचवायचे नाहीत. दोघांनी मिळून घरी जायचं, बसायचं, पाणी प्यायचं, ऐकायचं. बाबा कुणाकडे गेले होते हे आईलाही सांगत नसत. बाबा गेले तेव्हा मातीला अशी माणसं आली की आम्ही भावंडं एकमेकांकडे बघत राहिलो. त्यातल्या कुणालाच आम्ही ओळखत नव्हतो.

आणि नगरी काकांच्या मुद्द्यात भर : आपण फक्त घेणारे नव्हतो. वसईचा गोन्सालो गार्सिया फ्रान्सिस्कन ब्रदर होऊन जपानात गेला आणि १५९७ साली नागासाकीला क्रुसावर मारला गेला. गोव्याचे जोसेफ वाझ १६८७ साली सिलोनला गेले. डच सत्तेत कॅथलिक पाद्र्यांना बंदी होती, म्हणून मजुराच्या वेशात शिरले. ना पाठीशी सरकार, ना पैसा. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संतपद दिलं. कोकणपट्टीतून बाहेर जाण्याची वाट जुनी आहे.

मिरजकर_सदा

मी ख्रिस्ती नाही. तुम्ही बोलावलंत म्हणून लिहितोय, स्पष्ट लिहिलं तर राग मानू नका.

आमच्या गावाला डॉ. वॉनलेस यांच्यामुळे नाव मिळालं. १८९४ पासूनचं मिशन हॉस्पिटल. माझ्या आजोबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तिथेच झालं. घरी देवपूजा सोवळ्यात चालायची, पण वॉनलेससाहेबांचं नाव आजोबा हात जोडून घ्यायचे. कुणी त्यांना धर्म विचारला नाही. हे एका बाजूला.

दुसऱ्या बाजूला, "मिशन" हा शब्द ऐकला की माझ्यासारख्याच्या मनात प्रश्न येतोच. डांगमधल्या सुवार्तिकाला तुम्ही पैसे देता ते कशासाठी? दवाखान्यासाठी की धर्मांतरासाठी? मदत आणि प्रचार एकाच पाकिटात असेल, तर घेणाऱ्याला नाही म्हणायची मोकळीक राहते का?

शेवंती_पिंपरी

सदाभाऊ, राग कसला. हे विचारायला हवंच होतं.

खरं तेच लिहिते. डांगमधलं कुटुंब प्रार्थना चालवतं, शास्त्र शिकवतं आणि ते आम्हाला प्रिय आहे, ते लपवत नाही. ज्याला आनंदाची बातमी मिळाली तो ती सांगणारच. पण औषध, वही, धान्य यांना अट जोडायची नाही, हे आमच्याकडे बैठकीच्या वहीत लिहिलेलं आहे. दारात येणाऱ्यांमध्ये निम्म्याहून जास्त ख्रिस्ती नसतात. त्यांचा धर्म लिहायचा रकानाच आमच्या रजिस्टरमध्ये नाही. मीही जोडणार नाही.

जामखेडची_लेक

सदाकाकांच्या प्रश्नाला माझ्या गावाकडचं उत्तर.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे दोघेही वेल्लोरला शिकलेले, दोघेही श्रद्धावान ख्रिस्ती. आधी नगर जिल्ह्यातल्याच वडाळ्याच्या मिशन दवाखान्यात होते. तिथे त्यांच्या लक्षात आलं की तोच पेशंट तोच आजार घेऊन परत येतो, कारण गावातलं पाणी, खाणं, जातीचा जाच तसाच राहतो. म्हणून १९७० साली जामखेडला आले आणि गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका केलं. त्यात कितीतरी निरक्षर, दलित, टाकलेल्या बायका. माझी मावशी त्यातली एक. ज्या घरात तिला ओट्याखाली बसवायचे, त्याच घरात तिने बाळंतपणं केली. मावशी आजही हिंदूच आहे, जोगेश्वरीला जाते. पण "डॉक्टर असं का वागले" विचारलं की म्हणते, "त्यांच्या येशूमुळे." १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे मिळालं.

सुरुवातीच्या काळात या कामालाही परदेशातल्या मंडळ्यांचे पैसे होते. पैसे बाहेरचे, पण काय करायचं ते गावाने ठरवलं. जालनाचे पंचकाका भिंतीच्या रंगाबद्दल जे म्हणाले, त्याचं हे दुसरं टोक.

पंच_जालना

हे मान्य. मावशींना माझा सलाम सांगा.

लेखापाल_कोथरूड

भावनेच्या आधी थोडं कायद्याचं, कारण खजिनदारांची सही असणार आहे. मी दोन-तीन धर्मादाय ट्रस्टचे हिशेब बघतो.

लोक एफसीआरएचं नाव घेऊन घाबरतात. तो कायदा बाहेरून भारतात येणाऱ्या पैशाचा आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घेता येतो, तो दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. तुम्ही परदेशी पैसा घेत नसाल तर त्यातलं काहीच तुम्हाला लागू नाही.

तुमची अडचण उलट दिशेची आहे. नोंदणीकृत ट्रस्टला आयकरात सूट मिळते ती भारतात केलेल्या खर्चावर. आयकर कायद्याप्रमाणे बाहेर खर्च करायचा तर केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची परवानगी लागते, नाहीतर तेवढी रक्कम सुटीत धरत नाहीत. शिवाय रिझर्व्ह बँकेची परदेशात पैसे पाठवायची जी सोपी योजना आहे, वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत, ती व्यक्तींसाठी आहे, ट्रस्टसाठी नाही. म्हणजे दीड-पावणेदोन लाख मंडळीच्या खात्यातून झांबियाला पाठवायला निघालात, तर बँक पहिल्याच खिडकीवर थांबवेल आणि पुढच्या वर्षी धर्मादाय आयुक्तांकडे हिशेब भरताना ऑडिटरही विचारेल.

सरळ वाट : ज्या घरांना द्यायचंय त्यांनी आपापल्या बँक खात्यातून, आपल्या पॅनवर, थेट त्या दवाखान्याच्या खात्यात पाठवावं. मंडळीने फक्त माहिती द्यावी. पैसे एका माणसाच्या खात्यात गोळा करून त्याने एकदम पाठवणं, हे मात्र अजिबात करू नका. हेतू कितीही चांगला असला तरी हिशेबाचा डाग एकदा लागला की जात नाही. आणि ट्रस्टच्या घटनेतले उद्देश एकदा नीट वाचा. ठरावाआधी तुमच्या सीएशी बोला, मी कागद पाहिलेले नाहीत.

आंबट_चिंच

लेखापाल दादा, हा प्रतिसाद प्रिंट काढून आमच्या चर्चच्या नोटीस बोर्डवर लावतेय.

सेव्हर्न_काठ

इंग्लंडमधून, ब्रिस्टलजवळून. नर्स आहे, मूळची अचलपूरची.

इथल्या आमच्या चर्चच्या दारात एक मोठी टोपली असते, गरजूंना शिधा देणाऱ्या फूड बँकेसाठी. तिच्यावर दर आठवड्याला नवी चिठ्ठी : "पास्ता भरपूर झाला. डबाबंद भाज्या, बाळांचे डायपर, शाम्पू हवेत." ही चिठ्ठी फूड बँक चालवणारेच पाठवतात. मला ती फार आवडते. आपल्याला जे द्यावंसं वाटतं ते नाही, त्यांना जे कमी पडतंय ते.

मे महिन्यात क्रिश्चन एडचा आठवडा असतो, १९५७ पासून. पूर्वी घरोघर पाकिटं टाकत आणि चार दिवसांनी गोळा करत. ती संस्था मुळात १९४५ मध्ये युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या युरोपसाठी निघाली. म्हणजे ज्यांची स्वतःची घरं बॉम्बने पडली होती, त्यांनी शेजारच्या देशांसाठी, कालपर्यंत शत्रू असलेल्या जर्मनांसाठीही पैसे गोळा केले.

आता खरी सांगायची गोष्ट. इथे पहिल्यांदा चर्चमध्ये गेले, नवीन होते, थंडीने आणि एकटेपणाने जीव नकोसा झाला होता. मागच्या टेबलावर कुष्ठरोग मिशनचा डबा दिसला. ही १८७४ सालची संस्था. आमच्या अचलपूर-परतवाड्याजवळचं कोठाऱ्याचं हॉस्पिटल तिचंच. माझे आजोबा तिथे राहिले होते. घरात हे कुणी मोठ्याने बोलत नसे. त्यांची बोटं गेली होती, पण डोळे वाचले आणि पुढे वीस वर्षं त्यांनी तिथल्या बागेत काम केलं. मी त्या डब्याजवळ उभी राहून रडले. एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, काय झालं? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, मी लहानपणापासून या डब्यात नाणी टाकतेय, त्या पैशातून बरं झालेल्या कुणाच्या घरचं माणूस आज पहिल्यांदा भेटलं.

त्या दिवसापासून त्या माझ्या इथल्या आजी झाल्या. नगरी काका, तुमच्या आजींचं वाक्य मी त्यांना भाषांतर करून सांगणार आहे.

नगरी_ज्वारी

सांगा बाई, नक्की सांगा. हे वाचून चष्मा दोनदा पुसला.

भोपळा_बोली

वातावरण जड झालंय म्हणून थोडं अवांतर. हंगामाच्या सणाच्या लिलावाबद्दल कुणी लिहिलं नाही! आमच्या सोलापूरच्या मंडळीत गेल्या वर्षी एक लाल भोपळा चार हजार दोनशेला गेला. दोन साडवांची चढाओढ लागली होती. ज्याने घेतला त्याने तो पुन्हा मंडळीला दिला, मग दुसऱ्याने अकराशेला घेतला, त्यानेही परत दिला. संध्याकाळी तोच भोपळा जेवणाच्या भाजीत. एका भोपळ्याने पाच हजार तीनशे कमावले आणि शिवाय दीडशे माणसं जेवली.

आंबट_चिंच

आमच्याकडे कोंबडी असते. ती लिलावात दरवर्षी सुटते आणि पोरं तिच्यामागे वेदीपर्यंत धावतात. पाळकसाहेब आता आधीच दरवाजे लावून घेतात.

वसईची_वाडी

आमच्याकडे केळीचा लोंगर. धाग्यावर परत या मंडळी.

डोंगरातली_बदली

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही चार वर्षं मिझोराममध्ये, ऐजॉलला होतो. तिथलं एक लिहायलाच हवं.

आमच्या घरमालकीणबाई भात लावताना, तांदूळ धुण्याआधी, त्यातली एक मूठ काढून बाजूच्या डब्यात टाकायच्या. सकाळी एक, संध्याकाळी एक. मी विचारलं तर म्हणाल्या, "बुहफाइ थाम." मूठभर तांदूळ. १९१० पासून तिथल्या चर्चच्या बायकांनी ही पद्धत धरलीय. आठवड्याला बाया येऊन डबे गोळा करतात, तांदूळ विकतात, पैसे मिशनच्या कामाला. त्या मुठींवर मिझो लोकांनी आपली माणसं भारतभर आणि देशाबाहेरही पाठवली. त्या बाईंचं घर दोन खोल्यांचं. मी म्हटलं, तुमच्याकडेच कमी आहे की. त्या म्हणाल्या, जेवतो ना आपण? मग देऊ शकतो.

आणि हे "दारातला की दूरचा" असं तिथे मी ऐकलंच नाही. रस्त्यावर गाडी घसरली की गल्लीतले सगळे तरुण मध्यरात्री उठून जातात, कुणी गेलं की अख्खी वस्ती थडगं खणायला येते. जी बाई दूरसाठी मूठ काढते, तीच शेजारणीकडे रात्र जागवायला बसते. आपल्या देण्याचा झरा आटलाय म्हणून आपण वाटणीवर भांडतोय का, असं मला वाटून गेलं. कडक वाटलं तर माफ करा.

पंच_जालना

कडक आहे, पण मला लागलं ते योग्य जागी लागलं. आमच्या मंडळीत पैशाच्या वाटणीवर अर्धा तास बोलतो, अर्पण वाढवण्यावर पाच मिनिटंही नाही.

संगमनेरी_पाणी

जर्मन पैसा आणि नगरची माती याचं एक उदाहरण राहिलं. फादर हर्मन बाखर, स्विस जेझुइट (कॅथलिक संघाचे) पाद्री, १९४८ मध्ये भारतात आले आणि आयुष्य नगर जिल्ह्यात घातलं. त्यांच्या पाणलोट कामाला जर्मन सरकारचा पैसा आला, १९९३ मध्ये 'वॉटर' म्हणजे वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था सुरू झाली. आमच्या तालुक्यातल्या दरेवाडीत मी लहानपणी नुसते दगड पाहिलेत, आता तिथे बांध आणि झाडी दिसते. पण पैसा मिळायच्या आधी गावाला श्रमदान करून दाखवावं लागायचं, चराई बंद करायचा ठराव करावा लागायचा. गावाचा घाम आधी, बाहेरचा पैसा नंतर. हा क्रम मला पटतो. झांबियात तिथली माणसं काय करतात, हे आधी विचारा.

गिटार_संघ

मी शेवंतीकाकूंच्याच मंडळीतला, तरुण संघाचा. काकूंना न सांगता इथे वाचत होतो.

आम्हाला आफ्रिकेचं आकर्षण नाही. तो दादा आम्हाला संडेस्कूलमध्ये शिकवायचा. दर महिन्याला तो आवाज पाठवतो, पाच-सहा मिनिटांचा. कधी मागे पाऊस, कधी जनरेटर. त्याने रक्त तपासलेल्या एका मुलाचं मलेरियाने काय झालं, हे सांगताना तो मध्येच थांबला होता. तेव्हा आम्ही ठरवलं की काहीतरी करायचं. ओळखीचं माणूस दूर असलं तरी जवळचंच असतं.

पण इथलं वाचून एक गोष्ट टोचली. ज्या कुष्ठरोग दवाखान्याला आपली मंडळी इतकी वर्षं पैसे देते, तिथे आमच्यातलं एकही जण कधी गेलेलं नाही. मीसुद्धा नाही. तिथल्या एकाचंही नाव मला माहीत नाही. त्यांचं दान "आफ्रिकेला" द्यावं असं म्हणणं सोपं गेलं, त्याचं कारण हेच असावं.

शेवंती_पिंपरी

बाळा, रविवारी भेट. चहा माझ्याकडे.

वाचनवेडी_वरळी

गिटार_संघच्या प्रतिसादावरून आठवलं. १९१० मध्ये एडिंबरोला जगभरच्या मिशनांची मोठी परिषद झाली. तिथे व्ही. एस. अझरया हे तमिळ पाळक बोलले. त्यांनीच १९०५ च्या नाताळात सेरामपूरला भारतीय पैशावर, भारतीय माणसांनी चालवायची नॅशनल मिशनरी सोसायटी उभी करण्यात पुढाकार घेतला होता. त्यांनी गोऱ्या मिशनऱ्यांच्या त्यागाचं मनापासून कौतुक केलं आणि शेवटी म्हणाले की आम्हाला प्रेमही हवंय, आम्हाला मित्र द्या. सभागृहातल्या अनेकांना ते झोंबलं. दोन वर्षांनी ते पहिले भारतीय अँग्लिकन बिशप झाले.

मिरजकर_सदा

पहिल्यांदाच असा धागा पूर्ण वाचला. शेवंतीताई, रजिस्टरमध्ये धर्माचा रकाना नाही, हे वाक्य मी आमच्या गणेश मंडळाच्या वैद्यकीय मदत समितीत सांगितलं. आमच्या फॉर्मवर जातीचा रकाना होता. काढला.

शेवंती_पिंपरी

सर्वांना सलाम. उशिरा लिहितेय, बैठक झाली.

बैठकीआधी मी झांबियाला फोन केला. इतके दिवस आम्ही त्यांच्या नावाने भांडत होतो आणि तुम्हाला काय हवंय हे कुणीच विचारलं नव्हतं. नर्स मुलगी म्हणाली, काकू, आमचा राहण्या-जेवण्याचा खर्च दवाखाना करतो. स्वयंपाकघरात मक्याचं पीठ तिथल्या खेड्यांतल्या मंडळ्या आणून देतात, त्यांच्या शेतातलं. हवं असेल तर एकच : लॅबमध्ये तिथल्याच एका मुलीला शिकायला पाठवायचंय, तिची फी. आम्ही तीन वर्षांनी परत येऊ, ती तिथेच राहील.

मी हे बैठकीत वाचून दाखवलं, आणि नगरी काकांच्या आजींचं वाक्यही. प्रार्थना न करता गेलेले काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, फीचा पहिला हप्ता माझा.

ठरलं ते असं. ट्रस्टच्या खात्यातला दहावा हिस्सा इथेच राहील, पूर्वीसारखा. झांबियाच्या मुलीची फी बावीस घरं आपापल्या खात्यातून थेट दवाखान्याला पाठवणार. सीएसाहेबांनी कागद बघितले. तरुण संघ वर्षातून दोनदा कुष्ठरोग दवाखान्यात जाणार, पहिली फेरी झाली. पोरांनी गाणी म्हटली, पण जास्त वेळ तिथल्या एका आजोबांनीच यांना भजनं शिकवली. दारात येणाऱ्यांसाठी मात्र पैसे कमीच पडतात, म्हणून स्त्रीमंडळाने मिझो बायकांचा डबा उचललाय. सव्वाशे डबे आणलेत, शनिवारी वाटायचे. मूठ तांदळाची किंवा ज्वारीची, ज्याच्या घरी जे शिजतं ते.

एक साधा प्रश्न राहिला. पावसाळ्यात महिनाभर साठवलेल्या तांदळात टोके होतील, त्याला काय करता?

डोंगरातली_बदली

वाचून इतका आनंद झाला! महिनाभर ठेवूच नका, दर रविवारी गोळा करा. तिकडेही दर आठवड्यालाच नेतात.

नगरी_ज्वारी

डब्याच्या तळाशी वाळवलेला कडुलिंबाचा पाला घालायला सांगा. बोरिक पावडर कुणी लावू नये. घेणाऱ्या घरात नीट न धुता शिजवला तर लेकरांना बाधेल. आणि ज्वारी असेल तर एकदा कडक ऊन दाखवून मगच डब्यात.

पंच_जालना

आमच्याकडेही साठ डबे लागतील. कुठून घेतलेत, दुकान कळवा.